हात न लावता

शॅमेलिऑन सरड्याच्या डोळ्यांकडे पाहून त्याला पाणी कमी पडतंय हे ओळखणं, मादी पिंजऱ्याच्या तळाशी येरझाऱ्या घालायला लागली की घरातल्या सगळ्यांना त्या खोलीतून बाहेर काढणं, दिवा पेटलेला दिसतो म्हणून तो उपयोगाचा असतोच असं नाही हे ध्यानात ठेवणं. आज माझं पोट ज्या विद्येवर चालतं ती अशी बारीकसारीक आहे, आणि ती सगळी मला एका बाईंनी दिली. त्या माझ्या नात्याच्या नव्हत्या, गावाच्या नव्हत्या, भाषेच्याही नव्हत्या. सॅन डिएगोत आम्ही भाड्यानं राहायचो त्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या त्या एक अमेरिकन बाई. तिथल्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना नावानं हाक मारत, मीही मारायचे. मनात मात्र त्या पहिल्यापासून ‘बाई’च होत्या, सासवडच्या शाळेत आम्ही शिक्षिकांना म्हणायचो तशा. इथंही तसंच म्हणते.

२००७ साली लग्न होऊन मी तिकडे गेले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना तेव्हा नोकरी करायची परवानगी नसे. पुण्यात प्राणिशास्त्राची पदवी घेतलेली, थोडे दिवस शाळेत शिकवलेलं, आणि आता दिवसभर घर. घरात काम नव्हतं असं नाही, पण माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. ही गोष्ट माणसाला आतून पोखरते. फोनवर आईलाही मी ते कधी बोलून दाखवलं नाही.

बाईंची गाठ पडली ती इमारतीच्या सामायिक कपडे धुण्याच्या खोलीत. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्यांना कुणीतरी माणूस हवं होतं. ‘तुला प्राणी आवडतात का?’ असं त्यांनी विचारलं नाही. ‘तू सकाळी लवकर उठतेस का?’ एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ‘मग उद्या साडेसहाला ये. माझी मंडळी जागी व्हायच्या आत.’

त्यांच्या घरामागं फरसबंदी अंगण होतं. तिथं आणि आतल्या खोलीत जाळीचे उंच पिंजरे उभे होते, दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच. आत नुसतीच हिरवाई. मनीप्लांटच्या वेली, जास्वंदीचं झुडूप, फायकसच्या फांद्या. प्राणी कुठं दिसेना. बाईंनी बोट दाखवलं नाही, मला पाहू दिलं. बऱ्याच वेळानं पानांआड एक डोळा हलला, मग त्या डोळ्याभोवतीचा सगळा देह ध्यानात आला. तो पँथर शॅमेलिऑन होता, मादागास्करच्या उत्तरेतल्या अंबिलोबे भागातला वाण. हिरव्या अंगावर निळे पट्टे, पट्ट्यांच्या कडेला लाल ठिपके. याच जातीचे नर बेटाच्या वेगवेगळ्या भागांत वेगळ्या रंगाचे असतात. नोसी बे बेटावरचे निळे-हिरवे, अंबिलोबेचे पट्टेरी, अंबांजाचे आणखी निराळे. माद्या मात्र कुठल्याही असोत, फिकट नारिंगी किंवा तांबूस.

पिंजऱ्यांसमोर एक ठेंगणं स्टूल होतं. बाई उभ्या राहून प्राण्यांकडे कधीच बघत नसत. गुडघा दुखत असतानाही त्या स्टुलावर बसूनच बघत. कारण त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. शॅमेलिऑन झाडावर राहणारा आहे, त्याचे वैरी पक्षी आणि साप. वरून येणारं जे काही असेल ते त्याच्या लेखी मरण असतं. म्हणून त्याची बसायची फांदी माणसाच्या डोळ्यांच्या वर हवी आणि आपण खाली हवं. दोन पिंजऱ्यांच्या मध्ये आडोसा हवा, कारण दुसरा शॅमेलिऑन नुसता दिसत राहिला तरी तो सुकतो. आरशातलं स्वतःचं रूपसुद्धा त्याला सहन होत नाही. आणि हात लावायचा नाही. औषध पाजायचं असेल, पिंजरा बदलायचा असेल, तेवढ्यापुरतं त्याच्या पुढ्यात फांदी धरायची. तो आपण होऊन चढतो.

‘कुत्र्याला तू हवी असतेस,’ बाई म्हणाल्या, ‘याला नको आहेस. याला हवं आहे पाणी, ऊन, पान आणि किडा. ते सगळं वेळच्या वेळी मिळावं आणि तू मात्र दिसू नयेस, असं ज्याला जमलं त्याला शॅमेलिऑन सांभाळणं जमलं.’

हे बोलणं मला त्या दिवशी कोरडं वाटलं नाही. उलट फार बरं वाटलं. त्या घरात माझं कौतुक होणार नव्हतं, माझी विचारपूस होणार नव्हती, पण सकाळी साडेसहाला माझी गरज होती.

पहिलं काम पाण्याचं. शॅमेलिऑनला वाटीतलं साचलेलं पाणी पाणी म्हणून सहसा कळत नाही. रानात तो पानावरचं दव आणि पावसाचे थेंब पितो. म्हणून पहाटे, दिवे लागायच्या आधी, पानांवर बारीक फवारा मारायचा आणि मागं सरायचं. मग हळूहळू एक डोळा फिरतो, दुसरा वेगळ्याच दिशेला फिरतो, मान पुढं येते, आणि पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब तो तोंडानं उचलतो. गळ्याखालची कातडी हलते. पुन्हा एक थेंब, पुन्हा गळा हलतो. तहान भागली की नाही, हे दुसऱ्या दिवशी विष्ठेवरून कळतं. त्यातला घट्ट मूत्राचा भाग पांढरा असेल तर पाणी पुरतंय, पिवळा-नारिंगी असेल तर कमी पडतंय. डोळ्यांचे शंकू खोल गेलेले असतील तर फारच कमी पडतंय. आणि दिवसाउजेडी डोळे मिटलेला शॅमेलिऑन दिसला तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. निरोगी शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसत नाही. शिकार होणाऱ्या प्राण्याला आजार दाखवणं परवडत नाही, त्यामुळं तो दाखवेपर्यंत आजार बराच पुढं गेलेला असतो.

दुसरं काम उजेडाचं. पिंजऱ्यावर दोन दिवे असत. एक ऊब देणारा, ज्याच्याखाली सकाळी तो अंग काळपट करून, चपटं करून, एक कूस उन्हाला देऊन बसे. तिथं तापमान तीस अंश सेल्सियसच्या आसपास. दुसरी लांब नळी अतिनील किरणांची. या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडांत उतरत नाही. मग हाडं मऊ होतात, हातपाय वाकतात, जबडा लिबलिबीत होतो. आपल्याकडं लहान मुलांना होणारा मुडदूस हाच. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथं कामाचं नाही, कारण काच ते किरण अडवते. आणि नळी जुनी झाली की ती प्रकाश देत राहते, किरण मात्र देईनाशी होते, आणि हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून बाई प्रत्येक नळीच्या टोकाला लावल्याची तारीख पेन्सिलीनं लिहून ठेवत आणि मुदत भरली की झगझगीत पेटणारी नळीसुद्धा काढून टाकत. सॅन डिएगोचं ऊन प्रसिद्ध आहे, पण मे-जूनमध्ये समुद्रावरून ढग येऊन दुपारपर्यंत आभाळ झाकून बसतात. त्या दिवसांत बाईंचं लक्ष आभाळाकडे असे. आज अंगणातलं ऊन पुरलं की नाही याचा हिशेब ठेवून त्या पिंजरे आत-बाहेर करत.

तिसरं काम खाण्याचं, आणि तिथं माझ्यासारख्या शाकाहारी घरातल्या मुलीला जड जाणार हे बाईंनी ओळखलं होतं. रातकिडे, झुरळांची एक संथ जात, रेशमाच्या अळ्या. त्यांनी मला आधी किड्यांचीच निगा राखायला लावली. गाजर, रताळं, मोहरीचा पाला, संत्र्याची फोड रोज ताजी चिरून घालायची. ‘किड्याला जे चारतेस तेच सरड्याला चारतेस,’ हे त्यांचं वाक्य. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. मग खायला सोडायच्या आधी किड्यांवर कॅल्शियमची पांढरी भुकटी भुरभुरायची. जीवनसत्त्वांची भुकटी मात्र क्वचितच, कारण जास्त झाली तर तीही बाधते.

आणि मग ती जीभ. तोंड किंचित उघडतं, जिभेचं टोक ओठांशी येऊन थांबतं, दोन्ही डोळे एका जागी खिळतात, आणि किडा नाहीसा झालेला असतो. जीभ धडाच्या दीडपट-दुप्पट लांब जाते. तिच्यातल्या स्नायूनं आतली लवचीक आवरणं आधी ताणून धरलेली असतात, ती एकदम सुटतात. म्हणून गारठलेल्या सकाळी, हातपाय जेमतेम हलत असतानाही जीभ जवळजवळ तेवढ्याच वेगानं सुटते. बाईंनी हे मला पुस्तक उघडून समजावलं, पण आधी बघायला लावलं. त्यांचं सगळं शिकवणं असंच होतं, आधी डोळे आणि मग पुस्तक.

त्यांच्याकडून जे मिळालं त्यातलं सर्वांत मोलाचं मला एका मादीच्या अंडी घालण्याच्या वेळी मिळालं. पोटुशी पँथर मादी फिकट नारिंगी रंग टाकून काळपट होते, अंगावर गुलाबी-नारिंगी पट्टे येतात. जवळ आलेल्या नराला ती हा रंग दाखवते, तोंड वासते, डुलते. त्यानं दूर राहावं म्हणून. दिवस भरत आले की ती खाणं सोडते आणि आयुष्यभर फांद्यांवर राहिलेली ती मादी जमिनीवर उतरून चालायला लागते. तिला माती हवी असते. बाईंनी खोल पेटीत ओली वाळू आणि माती भरून ठेवली होती, हातानं भोक पाडलं तर ढासळणार नाही इतपत ओली. मादी उतरल्यावर त्यांनी पिंजऱ्यावर तिन्ही बाजूंनी चादर टाकली, एक बारीक फट ठेवली, खोलीत कुणी जायचं नाही म्हणून सांगितलं आणि मला स्वयंपाकघरात बसवून चहा केला.

आपल्याला कुणी पाहतंय असं तिला कळलं तर ती खड्डा सोडून देते. पुनःपुन्हा असं झालं तर अंडी पोटातच अडतात आणि मादी दगावते. पाळलेल्या माद्या मरतात त्यातल्या कितीतरी अशा मरतात, कारण घरच्यांना मातीची पेटी लागते हेच ठाऊक नसतं. नराशी गाठ पडली नसली तरी मादीला अंडी होतात आणि ती घालावीच लागतात. आत ती उकरत होती. आम्ही आवाजावरून अंदाज घेत होतो. पुढच्या पायांनी माती ओढायची, मागच्या पायांनी बाहेर टाकायची. संध्याकाळी आवाज थांबला. त्या फटीतून बाईंनी मला एकदाच पाहू दिलं. भुयारात ती उलटी फिरून बसली होती, तोंड वर, डोळे अर्धवट, अंगावर माती. दुसऱ्या दिवशी तिनं खड्डा बुजवला, पायांनी माती दाबून दाबून सपाट केली, जणू तिथं काही घडलंच नाही, आणि वर चढली. पोट खपाटीला गेलेलं, कुशीची कातडी लोंबत होती. बाईंनी कितीतरी वेळ बारीक पाणी सोडून ठेवलं. मग कॅल्शियम लावलेल्या रेशमाच्या अळ्या एकामागून एक. बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यावेत तसं ते खाऊ घालणं होतं. आपल्या आया-आज्यांच्या हातांत असते ती तत्परता त्या हातांत होती, फक्त त्या हातांनी तिला शिवलं नाही.

अंडी बाहेर काढताना ती जशी पडली होती तशीच, वरची बाजू वर ठेवून काढायची. ओलसर खनिज भुशाच्या डब्यात ठेवायची, डबा अंधाऱ्या कपाटात. सात-आठ महिने, कधी वर्षभर वाट पाहायची. पिल्लू निघायच्या आधी अंड्यावर घामासारखे थेंब येतात, मग टोकाला कवच चिरतं. बाहेर येतो तो पूर्ण शॅमेलिऑन, शेपटीनं फांदी धरणारा, जन्मल्याबरोबर वर चढणारा. त्याला आई लागत नाही. तिनं त्याच्यासाठी करायचं ते सगळं आठ महिन्यांपूर्वी मातीत करून ठेवलेलं असतं.

बाईंनी फार पिल्लं कधीच वाढवली नाहीत. प्रत्येक पिल्लाला चांगलं घर मिळेल तेवढीच, असा त्यांचा नेम होता. रानातून पकडून आणलेला शॅमेलिऑन त्या घेत नसत. जगात शॅमेलिऑनच्या दोनशेच्या वर जाती आहेत, त्यातल्या निम्म्याच्या आसपास एकट्या मादागास्करमध्ये. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात पँथरसकट या मंडळींची नोंद आहे, म्हणजे परवान्याशिवाय त्यांची ने-आण होत नाही. पण परवाना असला तरी पिशवीत बांधून, उपाशीतापाशी, हजारो मैल आलेल्या प्राण्याचं काय होतं, हे बाईंनी पूर्वीच्या काळात पाहिलं होतं. त्याविषयी बोलताना त्यांचा आवाज बदलायचा.

दुसरा नेम असा की एकदा आपल्याकडे आलेला प्राणी बाहेर सोडायचा नाही, कितीही कंटाळा आला तरी. याला त्या हवाईचा दाखला देत. १९७२ साली ओआहू बेटावर, कानेओहे इथं, केनियाहून मागवलेले तीन शिंगांचे जॅक्सन शॅमेलिऑन हडकलेल्या अवस्थेत पोहोचले. दुकानदारानं ते सुधारावेत म्हणून बागेत सोडले. ते सुधारले आणि पसरले. पुढं संशोधकांना त्यांच्या पोटांत हवाईच्याच, जगात दुसरीकडं कुठंही नसलेल्या गोगलगायी सापडल्या. सोडणाऱ्यानं दयेपोटीच सोडले होते. बाई म्हणत, ‘दया आली की आधी माहिती काढावी.’

गुडघा बरा झाला तरी माझं जाणं थांबलं नाही. बाईंनी मला एकदाही ‘इथं कशी रुळलीस’, ‘एकटं वाटतं का’ असं विचारलं नाही. त्यांनी मला किल्ली दिली. नोंदवह्या दिल्या, ज्यांत प्रत्येक प्राण्याचं वजन, पाणी, अंडी, आजार तारखेनिशी होता, आणि पुढच्या नोंदी माझ्या अक्षरात करायला लावल्या. मग एके दिवशी टेबलावर एका कॉलेजचं माहितीपत्रक ठेवलं. नोकरी करता येत नसली तरी शिकता येतं, हे त्यांनी चौकशी करून ठेवलं होतं. पशुवैद्यकाच्या हाताखाली काम करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यासक्रम. ‘विचार कर’ एवढंच म्हणून त्या पाणी घालायला उठल्या. मी तो अभ्यासक्रम केला, राज्याची परीक्षा दिली, आणि कामाचा परवाना हाती आला तेव्हा पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका दवाखान्यात रुजू झाले. आजही तेच काम करते.

त्या वेळी मला जे समजलं नाही ते आता लख्ख दिसतं. बाईंनी माझ्याभोवती जे जे हवं ते मांडून ठेवलं आणि स्वतः मागं सरल्या. चढायचं की नाही ते माझ्यावर सोडलं. एखाद्याच्या दुःखाला हात न लावता त्याला उभं करता येतं, हे मी त्यांच्यामुळं अनुभवलं आहे. म्हणून ते खरं आहे हे मी ठामपणे सांगू शकते.

पुढं बाई थकल्या. पिंजरे उचलणं, किडे आणणं झेपेना. त्यांनी एकेक प्राणी नीट पारखून घेतलेल्या घरी दिला आणि वृद्धनिवासात गेल्या. शेवटची मादी माझ्याकडे आली, नोंदवह्यांसकट. २०१५ च्या वसंतात जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला, पँथर शॅमेलिऑनच्याच रंगबदलावर. मी तो छापून घेऊन बाईंकडे गेले आणि त्यांच्या खुर्चीशेजारी बसून वाचून दाखवला. या प्राण्याच्या कातडीतल्या काही पेशींमध्ये ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असताना ही जाळी दाट असते, निळा प्रकाश परतवते, आणि कातडीतल्या पिवळ्याशी मिळून तो हिरवा दिसतो. प्रतिस्पर्धी किंवा मादी समोर आली की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि पिवळा, नारिंगी, तांबडा उमटतो. लपण्यासाठी जशी जागा तसा रंग, ही समजूत तर बाईंनी केव्हाच मोडून काढली होती. रंग ही त्याची मनःस्थिती आणि उन्हाची गरज, हे त्यांनी मला पिंजऱ्यासमोर बसवून दाखवलं होतं. पण स्फटिकांची गोष्ट त्यांना नवी होती. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, ‘मी इतकी वर्षं वर्गात शिकवत आले की रंगद्रव्यं पसरतात आणि आक्रसतात. आता त्या सगळ्या मुलांना बोलावून नवं सांगायला हवं.’ चेहऱ्यावर इतका आनंद होता की नर्स बघायला आली. त्या वर्षाअखेरीस बाई गेल्या.

दवाखान्यात माझ्यासमोर येतात ती माणसं वाईट नसतात, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. एकदा एका मुलीला घेऊन तिचे आई-वडील आले होते. बुटांच्या खोक्यात येमेनी शॅमेलिऑनचं पिल्लू, डोक्यावर उंच तुरा असतो ती जात. पुढचे दोन्ही हात धनुष्यासारखे वाकलेले, फांदी धरता येत नव्हती. विकणाऱ्यानं ऊब देणारा दिवा दिला होता, अतिनील नळीबद्दल काही सांगितलं नव्हतं. मुलगी रोज त्याला तळहातावर घेऊन बसायची, कारण तिचा त्याच्यावर जीव होता. डॉक्टरांनी कॅल्शियम सुरू केलं. मी त्या मुलीला ठेंगण्या स्टुलावर बसवलं आणि थेंब पिताना गळा कसा हलतो ते बघायला शिकवलं. वाकलेली हाडं सरळ झाली नाहीत, ती होत नाहीत. पण जबडा आणि पाठीचा कणा वाचला, आणि पुढं तपासणीला आली तेव्हा तिनं नळीवर लिहिलेली तारीख मला तोंडपाठ म्हणून दाखवली.

मधे एकदा दसऱ्याच्या सुमारास मी सासवडला होते. भावाची अंजिराची आणि सीताफळाची बाग आहे. बांधाकडून पोरांचा गलका आला. गाडीवाटेवर घोयरा सरडा होता. आपल्याकडचा शॅमेलिऑन तो हाच, भारतात रानात आढळणारा. पोटाला फुगीर मादी, वाऱ्यावर पान हलावं तशी एकेक पाऊल डोलवत निघालेली. पोरांच्या हातांत दगड होते, कारण तो विषारी असतो असं त्यांनी ऐकलं होतं. तो विषारी नसतो. मी पोरांना रागावले नाही. दोघांना वाटेच्या दोन टोकांना गाड्या थांबवायला उभं केलं, बाकीच्यांना खाली बसायला लावलं आणि तिच्या पुढ्यात काठी धरली. ती चढली. ज्या बाजूला ती चालली होती त्याच बाजूच्या बांधावर, बोरीच्या बुडाशी मी काठी टेकवली.

भाचा म्हणाला, ‘आत्या, ठेवूया ना घरी. तुला येतं की सांभाळायला.’ मी त्याला सांगितलं की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण आहे, तिला पकडणं किंवा घरात ठेवणं हा गुन्हा आहे. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. मी तिकडं पैसे खर्चून जे उभं करते, ते ऊन, ते दव, ते नाकतोडे, ती अंडी घालायची माती, सगळं या बांधावर आहे. तिला सांभाळायचं म्हणजे बांध सांभाळायचा. भाऊ तिथं काटेरी कुंपण काढून तारेचं कुंपण घालणार होता. ‘ताई, मग ही एक बाजू राहू दे,’ तो स्वतःच म्हणाला. बोरी-बाभळीची ती बाजू अजून आहे, आणि तिथं फवारणीही होत नाही.

बाईंनी माझ्याकडून कधी एक डॉलर घेतला नाही, आणि मी फेडायचं म्हटलं असतं तर त्यांना ते कळलंही नसतं. त्यांचे नेम मात्र मी चालवते. माझ्याकडच्या माद्यांची पिल्लं कुणाला हवी असतील तर आधी पिंजरा, दिवे आणि झाडं लावून मला दाखवावी लागतात, पिल्लू त्यानंतर. कंटाळा आला तर परत माझ्याकडे, बाहेर नाही. लेकरांना खेळवायला काहीतरी हवं म्हणून कुणी मागितलं तर मी देत नाही. भारतातून कुणी विचारलं तर पाळू नका, बांधावर बघा, रात्री विजेरी घेऊन बघा, झोपेत तो फिका पडतो आणि सहज दिसतो, पण उजेड क्षणभरच पाडा, असं सांगते. आणि कुणालाही, कितीही वेळा, विचारेल ते शिकवते. या शिकवण्याचे मी पैसे घेत नाही. मला ती फुकट मिळाली, आणि फुकट मिळालेलं पुढं द्यायचं असतं, एवढा हिशेब सासवडच्या शाळेत आणि सॅन डिएगोच्या अंगणात सारखाच शिकवला गेला.